भाऊंनी पसंत केलेला कॉम्प्रेसर

पोरीसाठी स्थळ पाहतानाही बाप इतक्या चौकशा करत नसेल, इतक्या आमच्या घरमालकांनी एका कॉम्प्रेसरसाठी केल्या. दोन वर्षं! चंद्रपुरात त्या काळी हवा दाबून भरणारं एकही यंत्र असं नसेल, की ज्याच्यासमोर भाऊ उकिडवे बसले नाहीत. पंक्चरवाले, गाड्यांना रंग मारणारे, बल्लारशाच्या रस्त्यावरचे गिट्टीवाले, कोणी सुटला नाही. खिशातून घड्याळ काढायचे, टाकी पूर्ण भरायला लावायचे, मग नळीचं तोंड उघडून दाबाचा काटा खाली येईपर्यंत घड्याळाकडे बघत राहायचे. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला वैतागून म्हणायचा, "घेनं नाई, देनं नाई, माही हवा काऊन सोडून राह्यले जी?" भाऊ म्हणायचे, "हवा फुकटाची आहे बाप्पा. करंट तुहा जाते, त्याचा चहा पाजतो." आणि खरंच पाजायचे.

मी तेव्हा वीज मंडळाच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. आरमोरीहून नवा नवा आलेलो, लग्न व्हायचं होतं, डोकं गरम होतं. भाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. खोली दाखवताना त्यांनी पाण्याचं सांगितलं नाही, संडासाचं सांगितलं नाही. "तुमच्या हापिसातून आमच्या गल्लीले थ्री फेज भेटीन का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अर्ज करा, बघू. ते म्हणाले, "मंग सामान आना."

हा माणूस आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. उंच, काडीसारखा, अर्ध्या बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस इतका पांढरा शर्ट कसा घालतो याचं मला कोडं होतं. बोलताना मधेच थांबायचे, श्वास घ्यायचे, मग उरलेलं वाक्य पुरं करायचे. मला आधी वाटलं, ही बोलायची ऐट आहे. मग एकदा बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला छातीचा फोटो दाखवला. त्यांनी तो कपाटात नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवला होता. उजेडाकडे धरून म्हणाल्या, "हे पाहा, इथी पांढरं पांढरं दिसते ना, ते सारी रेती होय. डाक्टर म्हनते, ही आता निंगत नाई. पन अजून एक कन जरी गेला तं माह्याकडे येऊ नका."

म्हणून भाऊंनी नोकरी लवकर सोडली. वर्कशॉपमध्ये ब्लास्टिंग चालायचं. म्हणजे दाबलेल्या हवेने लोखंडावर रेती मारायची; गंज, जुना रंग, मळ, सगळं उडून जातं आणि लोखंड आतून नवं निघतं. लोखंड नवं होतं खरं, पण उडालेली रेती माणसाच्या छातीत जाऊन बसते. एवढं कळूनही भाऊंचा गंजावरचा राग काही जात नव्हता. राग म्हणू की प्रेम, मला अजून ठरवता आलेलं नाही. कुठे गंजलेलं लोखंड दिसलं की त्यांचे हात वळवळायचे. माझ्या खोलीच्या कडीवर नख घासून मला म्हणायचे, "पाहून राह्यला ना? खाली चांगलं आहे. वरून जंग चढला म्हनून कोनी फेकून देते का?"

त्यांचा खरा जीव पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात घरोघर बायका शिवण शिकत होत्या. विहारामागच्या खोलीत क्लास चालायचा, आणि नवी मशीन कोणाला परवडते! भाऊ भंगारातून मशिनी उचलून आणायचे. वरचं यंत्र तेलपाण्याने सुधारायचं, पण खालचे ओतीव लोखंडाचे पाय म्हणजे नुसती वेलबुट्टी. फुलं, पानं, जाळ्या. त्या जाळीच्या कोपऱ्यात तारेचा ब्रश पोहोचत नाही. भाऊ नाकाला फडकं बांधून घासत बसायचे, अंगणभर लाल भुकटी, आणि मग दोन दिवस खोकला. एक दिवस बाईंनी ब्रश उचलून विहिरीत टाकला.

"एक तं ही धूळ राहीन इथी, नाई तं मी," त्या म्हणाल्या. "काय ते ठरवा."

भाऊ म्हणाले, "धूळ बंद पेटीत राहीन. मंग चालते?"

"एक कन बाहेर आला नाई पाह्यजे."

"नाई येनार."

कॉम्प्रेसर त्यांच्या डोक्यात आधीपासून घोळत होता, पण ते दोन वर्षांचं प्रकरण खरं सुरू झालं ते तिथून. पेटी घरी बनवायची आणि कॉम्प्रेसर विकत घ्यायचा. लोखंड आत, रेती आत, धूळ आत. माणूस बाहेर उभा राहून फक्त हात आत घालणार. जमलं तर भाऊंचं काम चालू राहणार, नाही जमलं तर हा माणूस हात बांधून ओसरीवर बसणार. आणि नुसतं बसलेल्या भाऊंची कल्पना बाईंनाही सहन होत नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या ब्रश टाकल्यावर रात्रभर रडल्या होत्या.

पेटीसाठी एक मोडकी लोखंडी आलमारी आडवी पाडून तिला पाय लावले. वर जीपच्या फुटक्या काचेचा धड राहिलेला तुकडा बसवला. हात घालायला दोन गोल भोकं पाडली आणि त्यांना हातमोजे पाहिजेत म्हणून माझ्यामागे लागले. आमच्या स्टोअरमध्ये लाइनमनचे कोपरापर्यंतचे रबरी मोजे यायचे. करंटच्या चाचणीत नापास झाले की टाकून द्यायचे. साहेबांना विचारून मी एक जोडी आणली. "करंटले फेल, धुळीले पास," भाऊ खुशीत म्हणाले. फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. लोहाराच्या भट्टीचा पंखा उलटा लावून आतली धूळ पाण्याच्या ड्रममध्ये ओढायची सोय केली.

आणि मग परीक्षा. आलमारीत कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करायचा, दार लावायचं आणि बाईंनी भोवती फिरून वास घ्यायचा. बाईंच्या नाकाला तोड नव्हती. त्या पदर खोचून आलमारीभोवती प्रदक्षिणा घालायच्या, वाकायच्या, हुंगायच्या आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवायच्या. "इथून येऊन राह्यला." भाऊंचा चेहरा पडायचा. पुन्हा पट्ट्या उचकटा, पुन्हा लावा. शेजारपाजारचे भिंतीवरून बघत बसायचे. "का भाऊ, आज पास का नापास?" असं रस्त्यात कोणीही विचारायचं.

कॉम्प्रेसरचं गाडं तर त्याहून अवघड. मी त्यांना नागपूरला एका दुकानात घेऊन गेलो. चकचकीत निळा कॉम्प्रेसर, भली मोठी टाकी. दुकानदार सांगतोय, साहेब, प्रेशर बघा, टाकी बघा. मीही भारावलो. भाऊंनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून वरचं यंत्र पाहिलं आणि उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "प्रेशर तं सायकलच्या पंपालेही येते. टाकी मोठी म्हनजे काय? एकदा पोटभर जेवला. पुढं? ब्लास्टिंगले मिनटामिनटाले हवा लागते. किती भरून ठेवली ते नाई पाहाचं. खर्च होऊन राह्यली तेवढी बनवते का, ते पाहाचं."

शेवटी त्यांची पसंती पडली ती एका रंगाऱ्याच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधल्या जुनाट यंत्रावर. दोन सिलिंडर, जाड पट्टा, आणि टाकी एवढीशी. बैलगाडीतून ते घरी आलं तेव्हा गल्ली हसली. दोन वर्षं पोरी पाहून शेवटी ही केली का, म्हणाले लोक. भाऊंनी पट्टा बदलला, वॉल्व्ह घासले, आणि मी खटपट करून थ्री फेज आणलं. एवढं मोठं वीज केंद्र आमच्या गावाशेजारी उभं राहत होतं आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतला बल्ब नुसता लाल दिसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून चाचणी दुपारी घेतली. नळी उघडी ठेवून भाऊ घड्याळ घेऊन बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काटा जागचा हलेना. पंक्चरवाला दुकान सोडून पाहायला आला होता. "हा तं धापतच नाई बे," तो मला म्हणाला. त्या दिवशी चहा त्याने पाजला.

आता राहिली रेती. वैनगंगेची घ्या, वर्धेची घ्या, हवी तेवढी आहे, लोक म्हणायचे. भाऊ रेतीचं नाव काढू देत नसत. पेटी बंद असली तरी रेती नाही म्हणजे नाही. मग काय मारायचं लोखंडावर? त्यांच्या डोक्यात आलं, चारोळीचं कवच. जंगलात चारं फोडून आतली चारोळी काढतात आणि टणक कवचं टाकून देतात. ती पोतंभर आणून दिली भामरागडकडच्या एका टेलरदादाने.

हा टेलरदादा माडिया होता, तिकडच्या गावातला मशीन असलेला एकटाच माणूस. आदल्या पावसाळ्यात नदी घरात शिरली आणि त्याची मशीन चार दिवस पाण्याखाली राहिली. रस्ता उघडल्यावर तो ती खांद्यावर, बसवर, पुन्हा खांद्यावर करत भाऊंकडे घेऊन आला होता. पुढच्या खेपेला भाऊंनी मागितलेलं कवचांचं पोतं खाली ठेवून तो हसला. "आमी फेकतो दादा, तुमी मांगता." भाऊंनी ती कवचं कुटून, चाळून, बिस्किटाच्या डब्यात छोटा प्रयोग केला. रंग निघाला. गंज मात्र हलला नाही. मग ओतकामाच्या कारखान्यातून लोखंडाची बारीक कणी आणवली, तिने गंज उडाला. पण बाईंच्या नाकातून आलमारी अजून पास होत नव्हती, म्हणून टेलरदादाच्या मशीनचे पाय ओसरीवर तसेच पडून होते.

तो उन्हाळ्यात पुन्हा आला. दीड दिवसाचा प्रवास करून. ओसरीवर बसला, मशीनच्या पायांवरून हात फिरवला. "पानी आला का रस्ता बंद, दादा. मंग दिवाळीलाच." एवढंच बोलला. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "परवा येजो. पाहतो." टेलरदादा नातेवाइकाकडे मुक्कामाला गेला आणि भाऊ-बाई दुसऱ्या दिवशी मूल गावी एका लग्नाला गेले.

माझं डोकं फिरलं ते इथे. दोन वर्षांचा तमाशा मी पाहत होतो. कॉम्प्रेसर आहे, थ्री फेज आहे, नळी आहे, आणि एक गरीब माणूस हात हलवत परत जाणार, कशासाठी? आलमारीच्या एका फटीसाठी! अरे, मी आरमोरीचा. धान झोडताना भुशात लोळलेला माणूस. धुळीने माणूस मरत असता तर आमचा अख्खा तालुका मेला असता, असं मला वाटायचं. किती मूर्ख होतो मी! भूस वेगळा आणि रेतीची भुकटी वेगळी, हे दोन वर्षं भाऊंच्या घरात राहून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी दोन घमेली रेती आणली, उन्हात वाळवली, चाळली. अंगणात मशीनचे पाय उभे केले, तोंडाला दुपट्टा बांधला आणि कॉम्प्रेसर सुरू केला. आणि काय सांगू, डोळ्यांचं पारणं फिटलं! जिथे नळी फिरेल तिथे लाल गंज जाऊन राखाडी लोखंड उघडं पडत होतं. एकेक पान, एकेक फूल. मी गाणं म्हणत होतो त्या आवाजात. एक पाय झाला, दुसरा धरला. भोवती एवढा ढग झाला की मला अंगणाचं फाटक दिसत नव्हतं.

फाटकात भाऊ उभे होते. लग्नाची पहिली पंगत आटोपून ते दुपारच्या बसने परतले होते. बाई मागून पिशवी घेऊन येत होत्या. कॉम्प्रेसरचं बटण फाटकाजवळच्या भिंतीवर होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. भाऊंना ते सुचलं नाही. ते सरळ ढगात घुसले. ज्या माणसाने दोन वर्षं एक कण टाळण्यासाठी घालवली, तो उघड्या तोंडाने आत आला, अंगातला लग्नासाठी घातलेला शर्ट त्याने ओढून काढला, माझ्या तोंडावर दाबला आणि मला ढकलत ढकलत रस्त्यावर आणलं. नळी अंगणात सापासारखी फडफडत होती. बाईंनी बटण बंद केलं.

मग भाऊ खोकले. रस्त्यात बसून, बनियनवर, दोन्ही हात जमिनीवर टेकून. मी आयुष्यात तसा खोकला ऐकला नाही. बाई त्यांची पाठ चोळत होत्या आणि मला बोलत होत्या. काय बोलत होत्या ते मी सगळं लिहीत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. "याचा जीव का तुह्या बापाचा होय?" हे एक वाक्य मला अजून ऐकू येतं.

आठ दिवस भाऊ अंथरुणावर होते. डॉक्टर येऊन गेले. मी दाराशी जाऊन परत यायचो, आत जायची हिंमत नव्हती. खोली सोडायचं मी ठरवलं होतं. नवव्या दिवशी त्यांनीच बोलावलं. थांबत थांबत बोलले.

"वर्कशापात माहा एक जोडीदार होता. तुह्याच वयाचा. तो नळी धरे, मी कॉम्प्रेसर चालवो. तोंडाले ओला दुपट्टा बांधून तो आत अन् मी बाहेर. तो हात वर करे, म्हनजे हवा वाढव. मी वाढवो. आमाले का मालूम होतं? चांगलं काम होऊन राह्यलं म्हनून मी खुश. चार वर्सांत तो सुकला. शेवटी शेवटी त्याले दहा पावलं चालता येये नाई. माह्या छातीत आहे ते बाहेर उभं राहूनचं. त्याच्या छातीत किती असंन, सांग." ते थांबले. बराच वेळ श्वास घेत राहिले. "कोनी माले काई म्हटलं नाई. त्याच्या बायकोनंही नाई. पन हवा तं मीच देत होतो ना रे."

मी त्यांचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. ते म्हणाले, "रडू नको. खोक पाहू."

मी खोकलो. त्यांनी कान देऊन ऐकलं. "उद्या अजून," म्हणाले.

टेलरदादा ठरलेल्या दिवशी येऊन सगळं समजून घेऊन मुक्काम वाढवून थांबला होता. त्याने आणि मी मिळून आलमारी पुन्हा खोलली. फट सापडली ती एका हातमोज्याच्या कड्याखाली. त्याने ती जागा मेणाच्या दोऱ्याने अशी शिवली की बाईंनी तीनदा प्रदक्षिणा घातली, चौथ्यांदा घातली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाई येत." भाऊंना आम्ही खाटेसकट ओसरीवर आणलं. मी मोज्यांत हात घातले. कॉम्प्रेसर दुसरा कोणीही सुरू करू शकला असता, पण भाऊ उठले, भिंत धरत गेले आणि स्वतः सुरू केला. उरलेला पाय पेटीत एका तासात झाला. मधे मी हवा वाढवायला सांगितली, तेव्हा ते आधी येऊन माझ्या चेहऱ्याजवळ, काचेजवळ, दारावर बोट फिरवून बघून गेले. बोट कोरडं, स्वच्छ. मग त्यांनी हवा वाढवली.

पाऊस लागायच्या आत टेलरदादा मशीन घेऊन गेला. त्यानंतर भाऊंनी पेटीत किती मशिनी नव्या केल्या, मी मोजल्या नाहीत. ते आत हात घालायचे, मी सुट्टीच्या दिवशी हवा सांभाळायचो. पण दर आठवड्याला माझी तपासणी व्हायची. येता-जाता, भर रस्त्यात, एकदा तर माझ्या सासरची माणसं मला पाहायला आलेली असताना, सगळ्यांसमोर. "खोक पाहू." होणारे सासरे घाबरले, जावयाला काय रोग आहे म्हणून. बाईंनी बाहेर येऊन त्यांची समजूत घातली, नाहीतर लग्न मोडलंच होतं. गडचिरोलीला बदली झाल्यावर पोस्टकार्डं येऊ लागली. बायकोची चौकशी नाही, पोरीची नाही. एकच ओळ: खोकला आहे काय, कळवावे.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. भाऊ लोडाला टेकून बसलेले, आडवं झालं की श्वास घेता येत नव्हता. खांदे नुसते वरखाली होत होते. बाई म्हणाल्या, तीन दिवस बोलले नाहीत. मला पाहून त्यांनी दोन बोटांनी जवळ बोलावलं. मी खाटेवर बसलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात वजनच राहिलं नव्हतं.

"खोक," ते म्हणाले.

मी खोकलो. त्यांनी मान हलवली, म्हणजे जोराने. मी जोराने खोकलो. डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून ते ऐकत होते. त्यांचा स्वतःचा श्वास एवढा वाजत होता की माझा त्यांना कसा ऐकू आला कोण जाणे.

"साफ आहे," त्यांनी बाईंना सांगितलं.